क्लिक ऐकू आलं म्हणजे जोड बसला का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे: बेसिनखाली नळाचा कनेक्शन पाइप बदलताना पाना फिरवायला जागा मिळत नाही, म्हणून तुम्ही हाताने दाबून बसणारा जोड तयार केलात. नळाच्या बाजूला ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, घातलेली पितळी तोटी, पाइपच्या बाजूला ती आत घेणारी गोल टोपी, आणि शेवटी खाचेत बसणारी स्टीलची क्लिप. क्लिप बसली की क्लिक असा आवाज येतो. घरी चार महिने लावून बघितलात, एक थेंब गळला नाही. दाखवलेले दोन्ही प्लंबर मात्र ‘आम्ही हे लावणार नाही’ म्हणाले. आता पेटंटसाठी अर्ज करावा का, हे तुम्हाला हवंय.

मी २६ वर्षं घरांच्या पाण्याच्या लाइनी टाकतोय, आणि त्यातला बराच काळ दुसऱ्यांनी टाकलेल्या लाइनी उघडण्यात गेलाय. पेटंटचं पुढे सांगतो. आधी मला तुमच्या जोडाबद्दल बोलू द्या, कारण कल्पना चांगली आहे आणि तिच्यातली एक गोष्ट उलट्या क्रमाने झाली आहे असं मला वाटतं.

जोड पटकन बसला पाहिजे, हे तुम्ही साधलंत. पण तो अर्धवट बसला तर कुणाला कळणार, आणि कधी? तुमच्या वर्णनात याचं उत्तर नाही. प्लंबर नको म्हणाले त्यामागे बहुतेक हेच असावं. आमच्या कामात जोड चुकतो त्याची भीती कमी असते. चुकलेला जोड आठ दिवस गप्प बसतो, त्याची भीती जास्त.

माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. एका नव्या घरात वॉश बेसिनच्या नळाला अशाच क्लिपचा जोड होता. बसवला माझ्याबरोबरच्या मुलाने, तपासला मी. पाणी सोडून तासभर बघितलं, खालून हात फिरवला, कोरडं. तो दिवसाचा वेळ होता, लाइनीत दोन बारच्या आसपास दाब होता (बार हे दाब मोजायचं एकक). काही दिवसांनी पहाटे जोड निसटला आणि घरातली माणसं उठेपर्यंत दोन खोल्यांमध्ये पाणी. जाऊन बघितलं तर क्लिप खाचेत कधी बसलीच नव्हती. तोटी ओ-रिंगच्या पलीकडे शिरली होती एवढंच. रबर चहूबाजूंनी आवळलेलं असल्यामुळे जोड पाणी अडवत होता आणि नुसत्या घर्षणावर टिकून होता. रात्री वापर थांबतो तसा लाइनीतला दाब चढतो. तो पाच बारच्या वर गेला आणि घर्षण हरलं.

याचं गणित सोपं आहे. ओ-रिंग जिथे बसते तिथला व्यास १२ मिलिमीटर धरला, तर २ बारला तोटी बाहेर ढकलणारं बळ सव्वादोन-अडीच किलो वजनाएवढं असतं. ५ बारला ते पावणेसहा किलोच्या घरात जातं. रबराची पकड या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी सुटते. मुलाचा हात चुकला, मान्य. पण बेसिनखाली आडवं पडून, एका हाताने, न दिसणाऱ्या जागी काम करणाऱ्याचा हात कधीतरी चुकणारच. रचनेने त्याला जागच्या जागी दाखवून द्यायला हवं होतं की काम पुरं झालेलं नाही. त्या रचनेने उलट त्याची चूक झाकली.

आता तुमचा जोड याच नजरेने बघा. तोटी आत जाताना आधी ओ-रिंग सील होते आणि शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला क्लिप बसते. म्हणजे मधे एक अशी अवस्था आहे जिथे पाणी अडलंय पण पकड नाही. तुमच्या चार महिन्यांत ती दिसली नाही, कारण जोड तुम्ही स्वतः, काळजीने, आवाज ऐकून बसवलात. बांधकाम चालू असताना शेजारी ड्रिल मशीन सुरू असतं, तिथे क्लिक ऐकू येत नाही.

उपाय क्रम बदलण्यात आहे: आधी पकड, मग सील. क्लिपला दोन टप्पे द्या. पहिला दात तोटीला धरेल तेव्हा ओ-रिंग अजून मोकळ्या, मोठ्या व्यासाच्या भागातच असली पाहिजे. त्या स्थितीत पाणी सोडलं तर ते फवारून बाहेर येईल, पण तोटी सुटून जाणार नाही. शेवटच्या टप्प्यात ओ-रिंग अरुंद भागात शिरेल आणि दुसरा दात बसेल. मोठ्या व्यासाकडून लहानाकडे जाणारी कड उतरती आणि गुळगुळीत ठेवा, नाहीतर तीच रिंगला कापेल. असं केलंत तर अर्धवट बसलेला जोड पाणी सोडल्याबरोबर, काम करणारा माणूस टॉर्च घेऊन तिथेच असताना गळेल. मला असा गळणारा जोड हवा असतो.

ही कल्पना माझी नाही, आणि तुम्ही वापरलीत तर तुमचीही म्हणता येणार नाही. तांब्याच्या पाइपांना मशीनने दाबून बसवतात त्या प्रेस फिटिंगमध्ये हा विचार आधीच आलेला आहे. सुरुवातीच्या काही प्रकारांत दाबायला विसरलेला जोड नुसत्या रिंगवर पाणी धरून बसायचा. मग रिंगेच्या जागेला किंवा रिंगेलाच असा आकार द्यायला लागले की न दाबलेला जोड टेस्टिंगमध्येच गळतो आणि दाबला की बंद होतो. माझ्या मते या क्षेत्रातली अलीकडची ही फार मोलाची सुधारणा आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

तुमच्या जोडाचा एक गुण मात्र तुम्ही स्वतः सांगितलेला नाही, आणि मला तो वेळ वाचण्यापेक्षा मोठा वाटतो. त्याला पाना लागतच नाही. कनेक्शन पाइपच्या प्लॅस्टिक नटांना तडे जातात त्याचं नेहमीचं कारण जास्तीचं आवळणं. नट हाताने पुरेसा बसलेला असतो, वॉशर दबलेला असतो, पण माणसाचं समाधान होत नाही आणि तो पान्याने अजून अर्धा फेरा देतो. त्या वेळी काही होत नाही. प्लॅस्टिकवर सततचा ताण राहतो, आट्याच्या मुळाशी केसासारखी चीर पडते आणि दोन-तीन वर्षांनी नट दुभंगतो. तुमची टोपी बाहेरून पूर्ण गोल आणि गुळगुळीत ठेवा. पाना धरायला कड मिळाली की कुणीतरी पाना लावणारच.

आता चार महिन्यांबद्दल. हा काळ पुरेसा का नाही, ते सांगतो. नळ दिवसातून २० वेळा उघडला-मिटला धरला तर चार महिन्यांत साधारण २,४०० हिसके झाले. अशा जोडाकडून किमान १५ वर्षांची अपेक्षा असते, म्हणजे एक लाखावर हिसके. आणि हे नुसते मोजण्याचे आकडे नाहीत, प्रत्येक वेळी नळ मिटताना लाइनीत थोडा घाव बसतो.

इथे थोडं मागे जाऊ. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ मध्ये स्क्रूने खाली येणाऱ्या वॉशरच्या नळाचं पेटंट घेतलं. तो नळ दोन-तीन फेरे फिरवून बंद करावा लागतो, म्हणून पाणी हळूहळू थांबतं. पुढे १९३७ मध्ये अल्फ्रेड मोएन या विद्यार्थ्याच्या हातावर दोन चाव्यांच्या नळातून अचानक कढत पाणी आलं, आणि त्यातून त्याला एकाच दांड्याने गरम-थंड मिसळणाऱ्या नळाची कल्पना सुचली. बाजारात तो नळ १९४७ मध्ये आला. मधली काही वर्षं महायुद्धात गेली, पण एकामागून एक नमुने करून टाकून देण्यातही गेली. तुमच्या चार महिन्यांशेजारी ती दहा वर्षं ठेवून बघा. त्यानंतर सिरॅमिक चकत्यांचे पाव फेऱ्याचे नळ आले. वापरणाऱ्याची सोय झाली, वॉशर बदलायचं काम संपलं, पण नळ एका झटक्यात मिटू लागला. जुन्या नळाचा संथपणा लाइनीला सांभाळत होता, हे तेव्हा लक्षात आलं.

झटक्याने थांबलेल्या पाण्याचं काय होतं ते रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाण्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये मांडलं. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी धातूच्या पाइपात एकदम अडवलं, तर दाब साधारण १२ ते १३ बारने उसळू शकतो. प्लॅस्टिकच्या पाइपात उसळी कमी असते, कारण पाइपची भिंत किंचित फुगून घाव झेलते. आता, पूर्ण उसळी बसायला नळ फारच चटकन मिटावा लागतो: दाबाची लाट लाइनीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायच्या आत. घरातल्या १५-२० मीटरच्या लाइनीत हा वेळ सेकंदाचा तीस-चाळिसावा भाग असतो. हात एवढा वेगवान नाही, म्हणून पूर्ण घाव सहसा बसत नाही. त्याचा काही हिस्सा मात्र रोज बसतो. वॉशिंग मशीनचा विजेवर चालणारा व्हॉल्व हातापेक्षा झटकन मिटतो. पाइप भिंतीत धडधडतात ते बऱ्याचदा त्याच्यामुळे. त्यासाठी पूर्वी लाइनीच्या टोकाला हवा भरलेला बंद पाइपचा तुकडा ठेवत. काही महिन्यांत हवा पाण्यात विरघळून जाई आणि तो तुकडा निकामी होई. नंतर हवा आणि पाणी यांच्यामध्ये पिस्टन घातला, तेव्हा तो उपाय टिकाऊ झाला.

तुमच्या जोडाला याचा अर्थ असा की क्लिपने शांत दाब धरणं पुरेसं नाही. तिने उसळी धरली पाहिजे आणि हजारो वेळा धरली पाहिजे. ओ-रिंगचा व्यास जितका लहान ठेवाल तितकं बरं, कारण ढकलणारं बळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. व्यास दीडपट केला तर बळ सव्वादोनपट होतं. दिसायला भक्कम म्हणून जाड तोटी करण्याचा मोह टाळा.

ओ-रिंगबद्दल थोडं. नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश वंशाच्या अमेरिकी संशोधकाने १९३७ मध्ये तिच्या पेटंटचा अर्ज केला. तिची खुबी ही की पाण्याचा दाबच तिला फटीवर रेटतो. दाब वाढेल तशी ती जास्त घट्ट बसते. पण तिला जखम सहन होत नाही. तोटीच्या टोकावर बारीक बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, राहिला, पाइप तिरका कापला गेला, की पहिल्याच वेळी रिंगवर चरा पडतो. पिण्याच्या पाण्यासाठी ईपीडीएम रबर चांगलं, क्लोरीनही ते बऱ्यापैकी सोसतं. मात्र त्याला खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावलीत तर ते फुगतं आणि मऊ पडतं. मी उघडलेल्या जोडांत मळलेल्या पिठासारख्या मऊ झालेल्या रिंगा बघितल्या आहेत, आणि ज्याने ते चोपडलं त्याला वाटलं होतं की आपण जास्तीची काळजी घेतली. सिलिकॉन ग्रीस वापरा, तेही पिण्याच्या पाण्याला चालणारं. टोपीच्या पाकिटावर हे लिहाच.

बाहेरची टोपी कशाची करणार हे तुम्ही लिहिलं नाही, आणि बरंच त्यावर अवलंबून आहे. प्लॅस्टिक असेल तर सततच्या ताणाखाली ते हळूहळू सरकतं, ताणलं जातं. गरम पाण्याच्या बाजूला हे जास्त वेगाने होतं. क्लिपचे दात ज्या खाचेवर टेकतात तिथे स्टीलचं कडं द्या. आणि क्लोरीनला कमी लेखू नका. उत्तर अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात पॉलिब्युटिलीन या प्लॅस्टिकचे पाइप घराघरांत गेले. स्वस्त, वाकणारे, बसवायला सोपे. पाण्यातल्या क्लोरीनने पाइप आणि त्यांची प्लॅस्टिकची फिटिंग्ज आतून ठिसूळ केली. बाहेरून काही दिसायचं नाही आणि काही वर्षांनी पाइप फुटायचा. मोठे कोर्ट खटले झाले आणि तो माल बाजारातून गेला. उलट १९६८ मध्ये थॉमस एंगेल यांनी पॉलिथिलीनचे रेणू एकमेकांत बांधण्याची जी रीत शोधली, तिच्यातून आलेला पेक्स पाइप टिकला. त्याचं टोक फुगवून फिटिंगवर चढवलं की ते आपसूक आक्रसून मूळ आकाराकडे येतं, म्हणजे पाइपचा स्वभावच जोडाची पकड होतो. मला ही रचना फार आवडते.

पितळ वापरणार असाल तर जस्त सुटून न जाणारं, म्हणजे डीझेडआर प्रकारचं घ्या. साध्या पितळातलं जस्त काही पाण्यांत हळूहळू विरघळतं आणि मागे सच्छिद्र, लालसर तांबं उरतं. बोटाने दाबलं तरी तुकडा पडतो. शिशाचं प्रमाणही बघा. जिथे विकायचं तिथला नियम त्याबाबतीत कडक असू शकतो.

नळाच्या बाजूचे आटे कोणते, तेही नीट ठरवा. पाइपच्या आट्यांच्या दोन मोठ्या पद्धती आहेत, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकी एनपीटी. पहिलीत आट्याचा कोन ५५ अंश, दुसरीत ६०. अर्धा आणि पाऊण इंचाच्या मापात दोन्हींत इंचाला १४ आटे येतात, त्यामुळे एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे छान जातो, मग अडकतो. टेफ्लॉन टेपचे थर वाढवून माणूस तो बसवतोही. तोही गप्प राहणारा जोड. तुमच्या तोटीवर पद्धतीचं नाव कोरलेलं असू द्या.

इथपर्यंत क्रम, बळ, रबर, धातू झालं. आता टेस्टिंग. हातपंपाने पाण्याचा दाब द्या, हवेचा कधीही देऊ नका. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते आणि जोड सुटला तर तुकडा गोळीसारखा येतो. पाण्याने तसं होत नाही. घरातला जास्तीत जास्त दाब किती ते मोजा, त्याच्या दीडपटीवर काही तास ठेवा. ही फक्त सुरुवात. त्यानंतर कढत आणि गार पाणी आलटून-पालटून शेकडो वेळा जाऊ द्या, कारण गरम लाइन लांबते. सीपीव्हीसी या गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिकचा १० मीटर पाइप ४० अंशांनी तापला तर सुमारे अडीच सेंटिमीटर वाढतो आणि ती ओढ शेवटी कुठल्या तरी जोडावर येते. जोडाला आडवा धक्का देऊन बघा. बेसिनखाली ठेवलेली बादली रोज पाइपला लागते. रेती मिसळलेलं पाणी द्या. आणि क्षारांचं पाणी सोडून, वाळवून, पुन्हा सोडून महिनाभर चालवा. मग जोड उघडून दाखवा. क्षार साचले की क्लिप हलत नाही आणि जो जोड न कापता उघडता येत नाही, तो प्लंबर दुसऱ्यांदा लावत नाही.

पेटंटबद्दल मी वकील नाही, पण एक गोष्ट पक्की सांगतो. बऱ्याच देशांत अर्ज करण्याआधी रचना जाहीर झाली तर ती नवी मानली जात नाही. प्रश्नात तुम्ही आकृती टाकली नाहीत हे बरं केलंत, यापुढेही टाकू नका, आणि नमुने देताना गुप्ततेचा लेखी करार करून घ्या. ज्या दोन प्लंबरना दाखवलंत तेही वकिलाला सांगा. अर्जापासून २० वर्षं हक्क मिळतो. त्याआधी जुनी पेटंटं शोधा. दाबून बसणाऱ्या जोडांची संख्या खूप मोठी आहे आणि ‘हाताने बसतो’ एवढ्यावर नवेपणा टिकणार नाही. तुमच्या क्लिपचे दोन टप्पे आणि रिंगेची जागा यांची नेमकी मांडणी वेगळी असेल, तर तिथे काही हाती लागू शकतं. म्हणूनच म्हणतो, आत्ताच्या रचनेवर अर्ज करू नका. आधी क्रम बदला.

नवा नमुना झाला की करार करून तीन प्लंबरना प्रत्येकी दहा जोड द्या. काही समजावू नका, कागद देऊ नका. बेसिनखाली, कमी उजेडात, त्यांच्या पद्धतीने बसवू द्या, आणि आवाज ऐकू येऊ नये म्हणून शेजारी एखादं मशीन चालू ठेवा. तुम्ही फक्त बघा. तीसांपैकी एखादा जोड अर्धवट बसलेला सापडला तर तो हाताने नीट करू नका. तसाच पाण्याला जोडा, व्हॉल्व उघडा, आणि लगेच गळतो का ते बघा.